टीव्हीला दोनदा 'नको' म्हणणारं गाव: मूळनिवासी समाजांची स्वतःची प्रसारमाध्यमं

सांजवात

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कॅनडाच्या पार उत्तरेला, आर्क्टिक पट्ट्यात इग्लूलिक नावाचं इनुइट लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळनिवासींचं, गाव आहे. १९७५ साली तिथे मतदान झालं. प्रश्न एकच होता, गावात टीव्ही आणायचा का? गाव म्हणालं, नको. १९७९ मध्ये परत विचारलं. परत नको.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, जुन्या वळणाची माणसं, नव्याला बिचकली असतील. पण कारण वेगळं होतं. कॅनडाने नोव्हेंबर १९७२ मध्ये आपला दळणवळण उपग्रह सोडला आणि त्याला 'अनिक' हे इनुइट भाषेतलं नाव दिलं. अर्थ 'भाऊ'. नाव त्यांच्या भाषेतलं, पण या भावामार्फत दक्षिणेकडून जे कार्यक्रम येणार होते त्यांत इनुक्टिटुटला, म्हणजे इनुइटांच्या भाषेला, जागाच नव्हती. घराघरात दिवसभर इंग्रजी बोलणारी पेटी ठेवायची आणि पोरांनी तिच्यासमोर मोठं व्हायचं, हे गावाला मान्य नव्हतं. आमच्या भाषेत बोलणार असेल तर येऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग इनुइट संघटनांनी स्वतः उपग्रहावरून प्रसारणाचे प्रयोग केले, माणसं शिकवून तयार केली, आणि १९८१ मध्ये इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. आपल्या भाषेतले कार्यक्रम यायला लागले, तेव्हा कुठे इग्लूलिकने टीव्हीला दार उघडलं.

याच गावात दगडात शिल्पं कोरणारा एक तरुण होता, झकारियास कुनुक. १९८१ मध्ये तो शिल्पं विकायला मॉन्ट्रियलला गेला आणि मिळालेल्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेऊन परतला. गावात टीव्ही नसताना! पुढे त्याने सहकाऱ्यांबरोबर इसुमा ही निर्मितीसंस्था काढली. त्यांच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या इनुक्टिटुट चित्रपटाला २००१ मध्ये कान महोत्सवात पदार्पणाचा 'कॅमेरा दोर' पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटासाठी कातडी कपडे, हाडांची हत्यारं, स्लेज हे सगळं गावातल्या जाणत्यांना विचारून जुन्या पद्धतीने पुन्हा बनवलं गेलं. चित्रीकरण संपलं तरी ते बनवण्याचं कसब नव्या हातांत राहिलं. मला पुरस्कारापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

तर माझं म्हणणं असं. संस्कृतीचं जतन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संग्रहालय येतं, काचेमागची वस्तू येते. पण काय दाखवायचं, कुणाला दाखवायचं, कोणत्या भाषेत, आणि काय मुळीच दाखवायचं नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या समाजाकडे नसेल तर आपण फक्त नमुने गोळा करत असतो. इग्लूलिकने आधी नाही म्हणण्याचा हक्क बजावला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

तुम्हाला काय वाटतं? अशी आणखी उदाहरणं माहीत असतील तर जरूर लिहा.

---

कोरीपाटी

चांगला विषय, ताई. पण एक शंका मनातून जात नाही. मौखिक परंपरा जगते ती माणसं समोरासमोर बसतात म्हणून. आजी सांगते, नातवंडं ऐकतात, मध्येच विचारतात, आजी थांबते, परत सांगते. पडद्यावर हे कसं होणार? पडद्यावरची आजी कितीही गोड बोलली तरी प्रश्नाला उत्तर देत नाही. उलट पडदा आला की घरातल्या आजीसमोरचं पोर उठून तिकडे जातं. भाषा कोणतीही असो, पेटी ती पेटीच. तेव्हा इग्लूलिकने तिसऱ्यांदाही नकोच म्हणायला हवं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

अनुस्वार

कोरीपाटी, तुमची काळजी खरी आहे, पण आजीने उत्तर दिल्याचं एक उदाहरण आहे माझ्याकडे.

हवाईमध्ये १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा बाहेर गेली. पुढच्या दोनतीन पिढ्यांत घरात भाषा बोलणारी माणसं म्हातारी होत गेली आणि मागे कुणी उरेना. १९७२ मध्ये लॅरी किमुरा या तरुण शिक्षकाने रेडिओवर 'का लेओ हवाई' नावाचा कार्यक्रम सुरू केला. नावाचा अर्थ 'हवाईचा आवाज'. स्टुडिओत एखादे आजोबा किंवा आजी यायच्या, जन्मापासून ही भाषा बोलणारी माणसं. गप्पा पूर्णपणे हवाईयनमध्ये. आणि मुख्य म्हणजे श्रोते फोन करायचे! लांबच्या बेटावरून कुणीतरी विचारायचं, तुम्ही अमक्या घराण्यातले ना, तुमच्याकडे मासे कसे धरायचे, त्या वाऱ्याला तुम्ही काय म्हणता. हा कार्यक्रम १९८८ पर्यंत चालला.

म्हणजे रेडिओने माणसं उठवून नेली नाहीत. वेगवेगळ्या बेटांवर एकेकटे पडलेले म्हातारे एका ओसरीवर आणून बसवले.

पुढचा भाग तर आणखी महत्त्वाचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अठरा वर्षांखालची हवाईयन बोलणारी मुलं पन्नासही नव्हती. १९८३ मध्ये किमुरा आणि इतर मंडळींनी 'पूनाना लेओ', म्हणजे 'आवाजाचं घरटं', या बालशाळांची संस्था काढली, जिथे फक्त हवाईयनमध्येच बोलायचं. या शाळांना शिक्षक घडवायचे तर खरी, घरगुती, लयीतली भाषा ऐकायला मिळणार कुठे? या कार्यक्रमाच्या फितींवर. व्याकरणाच्या पुस्तकात बोलणाऱ्याचा दम घेणं नसतं, म्हाताऱ्याचं 'अं, थांब हं, आठवतं का बघू' नसतं. ते फितीवर होतं. शेकडो तासांचं हे ध्वनिमुद्रण आज डिजिटल स्वरूपात ऐकता येतं.

(२०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र आलं तेव्हा त्याला 'पोवेही' हे हवाईयन नाव सुचवणारे हेच किमुरा. भाषा एवढ्या लांब जाऊन पोचली हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.)

---

ध्वनिफीत

अनुस्वार यांनी फितींचा विषय काढला म्हणून लिहितो. माझा व्यवसायच जुन्या ध्वनिफिती डिजिटल करण्याचा आहे, त्यामुळे 'रेकॉर्ड करून ठेवलंय ना, मग टिकलं' हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

फीत जिवंत वस्तूसारखी खराब होते. जुन्या ॲसिटेट फितीचा डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. वास आला की समजायचं, फीत विघटन पावायला लागली. सत्तरच्या दशकातल्या कित्येक पॉलिएस्टर फितींचा लेप ओल धरून चिकट होतो. तशीच वाजवली तर यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागावर, हेडवर, तपकिरी गाळ जमतो आणि आवाज चिरकतो. तो गाळ म्हणजेच तुमचं रेकॉर्डिंग, खरवडून निघालेलं. म्हणून अशी फीत आधी भट्टीत पन्नासेक अंश तापमानाला काही तास शेकतात, आणि मग हाताशी असलेल्या थोड्या दिवसांत उतरवून घेतात. बुरशी लागली असेल तर ते आणखी वेगळं प्रकरण. शिवाय वाजवणारी यंत्रं आता कुणी बनवत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, आणि यंत्र दुरुस्त करणारे निवृत्त झाले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाने २०१५ मध्येच बजावलं होतं की चुंबकीय फितींवरचं जे २०२५ पर्यंत उतरवलं जाणार नाही ते बहुतेक कायमचं जाईल. ती मुदत उलटली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी एका संग्रहाच्या कामात माझ्या हाती एक पेटी आली. एका डोंगरी समाजाची गाणी, कुणा अभ्यासकाने गोळा केलेली. डब्यावर तारीख, यंत्राचा वेग, अभ्यासकाचं नाव, सगळं सुवाच्य अक्षरात. गाणारीचं नाव? 'म्हातारी बाई, गाणी.' बस्स. बाई पाऊण तास गातात. मध्ये खोकतात. कुणीतरी पाणी आणून देतं, भांड्याचा आवाज येतो, त्या हसतात आणि पुन्हा धरतात. जिच्यामुळे ती पेटी भरली तिचं नाव लिहिण्याइतकीही जागा त्या कागदावर कुणाला सापडली नाही. त्या समाजातल्या कुणी रेकॉर्डिंग केलं असतं तर हे झालं असतं का? सांजवात ताई म्हणतात तो 'हक्क' मला त्या लेबलावर दिसतो.

---

मुक्तछंद

ध्वनिफीत, वाचून गलबलून आलं.

पण मग यावर उपाय एकच नाही का? सगळं उतरवा आणि सगळ्या जगासाठी खुलं करा. जितक्या जास्त प्रती तितकी जास्त सुरक्षितता. आज कुणाला ते नाव ओळखता येत नसेल, उद्या कुठेतरी बसलेली तिची पणती ऐकेल आणि ओळखेल. कुलपात ठेवलेलं ज्ञान कुलपातच मरतं. सांजवात ताईंचा 'न दाखवण्याचा हक्क' हा मुद्दा मला म्हणूनच पटत नाही. संस्कृती ही शेवटी सगळ्या माणसांची ठेव आहे.

---

ध्वनिफीत

मुक्तछंद, मीही अनेक वर्षं असंच म्हणायचो. ऑस्ट्रेलियातली उदाहरणं वाचली आणि माझं मत बदललं.

तिथल्या अनेक आदिवासी समाजांत माणूस गेला की काही काळ त्याचं नाव घ्यायचं नाही, चेहरा पाहायचा नाही, आवाज ऐकायचा नाही, असा शोकाचा नियम असतो. आता कल्पना करा. काका गेले, घर सुतकात आहे, आणि टीव्ही लावला तर काका हसत बोलतायत. कार्यक्रम करणाऱ्याच्या दृष्टीने ते जतन, पण घरच्यांच्या काळजावर तो घाव. म्हणून तिथल्या वाहिन्यांवर कार्यक्रमाआधी सूचना येते की यात दिवंगत व्यक्तींची छायाचित्रं आणि आवाज असू शकतात. ही सूचना आता तिथल्या मुख्य प्रवाहातल्या वाहिन्याही देतात.

सूचनेच्या पुढचं कामही त्यांनी केलंय. पिचंचाचारा आणि त्यांच्या शेजारच्या अनंगू लोकांनी १९९४ मध्ये 'आरा इरिटिचा' प्रकल्प सुरू केला. संग्रहालयं, मिशनरी, शाळामास्तर, सर्व्हेवाले यांच्याकडे विखुरलेली आपली छायाचित्रं, फिल्म, ध्वनिमुद्रणं शोधून परत गावात आणायची. संगणकावरची मांडणीच अशी केली की पुरुषांनीच पाहायचं ते वेगळं, बायकांनीच पाहायचं ते वेगळं, आणि सुतकातलं तात्पुरतं झाकून ठेवता यावं. शोक संपला की पुन्हा उघडायचं. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली घरच्यांकडे आहे.

टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांबरोबर तयार झालेली 'मुकुर्तू' ही प्रणालीही अशीच. मुकुर्तू म्हणजे त्यांच्या भाषेत विणलेली झोळी, जिच्यात जाणते लोक मोलाच्या वस्तू ठेवायचे. बघायचं असेल तर त्यांच्याकडे जाऊन, रीतीने विचारून बघायचं. ही प्रणाली आज जगभरचे अनेक समाज मोफत वापरतात.

एखादं गाणं ठरावीक ऋतूतच म्हणायचं, ठरावीक माणसानेच म्हणायचं, हाही त्या गाण्याचाच भाग असतो. ते सगळ्यांसाठी कायम उघडं टाकलं तर शब्द वाचतील आणि गाणं जाईल.

---

मुक्तछंद

किल्ली घरच्यांकडे, ही मांडणी आवडली. तरी माझी शंका पूर्ण फिटली नाही. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते शेवटचे चार जाणते गेले आणि त्यांनी पुढे कुणालाच दिली नाही तर? हे घडत असणारच. तेव्हा त्या गाण्याचं काय करायचं?

---

ध्वनिफीत

मग ते गाणं जातं. त्यांनी तसं ठरवलं असेल तर मी ते मान्य करेन. मला जड जाईल, पण मान्य करेन.

---

पारावरचा

या चर्चेत न्यूझीलंड यायलाच हवं. तिथे प्रसारणासाठी जी लढाई झाली तिच्याइतकी चिवट लढाई मला दुसरी माहीत नाही.

१९८४ मध्ये ऑकलंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नायडा ग्लाविश नावाच्या ऑपरेटर होत्या. त्या फोन उचलला की 'किया ओरा' म्हणायच्या, तिथल्या मूळनिवासी माओरींच्या भाषेतला नमस्कार. वरिष्ठांनी सांगितलं, हे बंद करा, इंग्रजीतच बोला. त्यांनी ऐकलं नाही. देशभर गदारोळ झाला. लोक मुद्दाम फोन करून 'किया ओरावाल्या बाईंना द्या' म्हणू लागले. अखेर खात्याने माघार घेतली. एका नमस्कारासाठी एवढं करावं लागत होतं, यावरून काळ कसा होता ते समजा. टीव्हीवर तेव्हा माओरीत काय होतं? 'ते कारेरे' हे काही मिनिटांचं बातमीपत्र, १९८३ पासून नियमित सुरू झालेलं. बाकी दिवसभर इंग्रजी.

त्याच सुमारास माओरी मंडळींनी वाइतांगी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे वाइतांगी कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे, दावा मांडला. १८४० च्या वाइतांगी करारात ब्रिटिश राजसत्तेने माओरींच्या 'ताओंगा', म्हणजे मौल्यवान ठेव्याचं रक्षण करण्याचं वचन दिलं होतं. दावेदारांचा प्रश्न सरळ होता. जमीन ताओंगा, मासेमारीची जागा ताओंगा, मग भाषा नाही का? १९८६ मध्ये न्यायाधिकरणाने निर्वाळा दिला की भाषा हा ठेवाच आहे आणि तिचं रक्षण सरकारचं कर्तव्य आहे. १९८७ च्या कायद्याने माओरी अधिकृत भाषा झाली.

पण कायद्याच्या पुस्तकात भाषा अधिकृत झाली म्हणून ती कानावर पडायला लागत नाही. सरकार सार्वजनिक प्रसारणाची मालमत्ता कंपन्यांकडे सोपवायला निघालं तेव्हा माओरी परिषद कोर्टात गेली. म्हणणं असं की भाषेचं रक्षण करायचं साधन म्हणजे रेडिओ आणि टीव्ही, तेच हातातून गेलं तर वचन पाळणार कशाने? हा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या न्यूझीलंडच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. १९९३ मध्ये तिथे माओरी हरले. पण सुनावणीत सरकारला जी आश्वासनं द्यावी लागली, ती पुढे उपयोगी पडली. त्याच वर्षी माओरी प्रसारणाला पैसा पुरवणारी 'ते मांगाई पाहो' ही संस्था उभी राहिली. आज तिच्या आधारावर वेगवेगळ्या जमातींची एकवीस रेडिओ केंद्रं चालतात. आणि २८ मार्च २००४ ला माओरी टेलिव्हिजन सुरू झालं. आता त्याचं नाव 'फाकाआता माओरी'.

१९८३ ते २००४. काही मिनिटांच्या बातमीपत्रापासून स्वतःच्या वाहिनीपर्यंत एकवीस वर्षं. ज्या म्हाताऱ्यांनी दावा लावला त्यांच्यातल्या किती जणांनी ती वाहिनी पाहिली असेल, हा विचार येतोच.

---

कोरीपाटी

पारावरचा, माहिती उत्तम. हवाईचं उदाहरणही पटलं, विशेषतः फोनचं. माझं मत थोडं सैल करतो.

पण वाहिनी मिळाल्यावर तिच्यावर दाखवणार काय? जाहिराती हव्यात, प्रेक्षक हवेत, मग हळूहळू सगळ्यांना कळेल अशा मोठ्या भाषेतच कार्यक्रम व्हायला लागतात. नाव यांचं, भाषा त्यांची.

---

सांजवात

कोरीपाटी, अगदी नेमकं बोट ठेवलंत. ऑस्ट्रेलियातल्या इम्पार्जा या वाहिनीचं जवळपास असंच झालं.

१९८० मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला 'कामा' ही आदिवासींची माध्यमसंस्था निघाली. ऑस्ट्रेलियाचा उपग्रह येणार, वाळवंटातल्या पार टोकाच्या वस्त्यांवर शहरी टीव्ही कोसळणार हे दिसत होतं. तेव्हा या मंडळींनी त्या प्रक्षेपण-क्षेत्राचा व्यावसायिक परवानाच मागितला आणि मिळवला. १९८८ मध्ये इम्पार्जा सुरू झालं. तिथल्या अरेर्न्ते भाषेत इम्पार्जा म्हणजे पाऊलखुणा. मालकी पूर्ण आदिवासींची. पण परवाना व्यावसायिक, उपग्रहाचं भाडं प्रचंड, त्यामुळे पडद्यावर बहुतेक वेळ शहरी वाहिन्यांच्याच मालिका आणि खेळ. स्वतःच्या भाषांतले कार्यक्रम अगदी थोडे.

याच्या अगदी उलट, युएन्डुमू गावच्या वार्लपिरी लोकांनी १९८५ मध्ये कुणाचा परवाना नसताना, जुजबी सामग्रीवर गावापुरतं प्रसारण चालू केलं. प्रेक्षक काहीशे. पण सगळं त्यांच्या भाषेत, त्यांच्या रीतीने. कॅमेरा एखाद्या टेकडीवर रेंगाळायचा. बाहेरच्याला वाटायचं, काहीच घडत नाहीये. गावच्या माणसाला मात्र त्या टेकडीची पूर्ण कथा माहीत असायची आणि चित्रीकरणाला कोण कोण हजर होतं, ज्यांचा त्या जागेवर हक्क आहे ती माणसं होती की नाही, हेही माहीत असायचं. तीच त्या फितीची खरी किंमत.

माओरी वाहिनीने यातून एक मार्ग काढला. मुख्य वाहिनीवर इंग्रजी आणि माओरी दोन्ही, म्हणजे भाषा न येणारी माणसंही आत येतील. आणि २००८ मध्ये 'ते रेओ' ही दुसरी वाहिनी काढली, पूर्ण माओरीत, जाहिराती नव्हत्या, इंग्रजी उपशीर्षकंही नव्हती. एक अंगण आणि एक माजघर, असं मी त्याकडे बघते.

---

हिशेबनीस

पैशाबद्दल कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. प्रेम, अस्मिता सगळं बरोबर, पण ट्रान्समीटरचं वीजबिल दर महिन्याला येतं.

तीन तऱ्हा दिसतात. एक, न्यूझीलंडसारखं कायद्याने बांधलेलं सरकारी अनुदान. दोन, कॅनडाच्या एपीटीएनची तऱ्हा, मला सगळ्यांत हुशारीची वाटते ती. १ सप्टेंबर १९९९ ला ही मूळनिवासींची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिथल्या प्रसारण नियामकाने आदेश काढला की प्रत्येक केबल कंपनीने ही वाहिनी मूळ संचात दाखवायचीच, आणि त्यासाठी दर ग्राहकामागे महिन्याला, सुरुवातीला, पंधरा सेंट द्यायचे. पंधरा सेंट कुणालाही जड नाहीत, पण लाखो घरांचे मिळून वाहिनी उभी राहते. आणि अर्थसंकल्पात कुणी एका रात्रीत ते कापू शकत नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे वर्षावर्षाच्या सरकारी मर्जीवर चालणं. अमेरिकेत काय झालं पाहा. अलास्काच्या बेथेलमध्ये केवायूके हे रेडिओ केंद्र १९७१ पासून आहे. बेथेलला बाहेरून रस्ता नाही, विमानाने जा नाहीतर नदीने. आसपासच्या पन्नासेक गावांना ते इंग्रजीबरोबर युपिक या तिथल्या मूळनिवासींच्या भाषेत बातम्या देतं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर असलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना देणगीदार असतात, ती कशीबशी तरतील. केवायूकेसारख्या केंद्रांच्या जमेचा निम्म्याहून मोठा भाग तिथूनच यायचा. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच किनारपट्टीवर वादळाचं पाणी चढलं, किपनुक आणि क्विगिलिंगोक ही युपिक गावं उद्ध्वस्त झाली, माणसं विमानांनी हलवावी लागली.

वादळात 'कुठे जायचं, कोण सापडलं, कोण नाही' हे आपल्या भाषेत सांगणारा आवाज म्हणजे चैन आहे का? भाषेचं जतन आणि जीव वाचवणं ही दोन वेगळी खाती मानणाऱ्यांनी हे हिशेबात धरावं.

---

पारावरचा

हिशेबनीस, पूर्ण सहमत. यात एक भर. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ ला मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं सोळावं कलम थेट याच विषयावर आहे: स्वतःच्या भाषेत स्वतःची माध्यमं उभारण्याचा हक्क, आणि सरकारी माध्यमांत या समाजांचं नीट प्रतिबिंब पडेल हे पाहण्याची सरकारची जबाबदारी. बाजूने १४४ देश, विरोधात चारच: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. पुढे चौघांनीही पाठिंबा दिला. पण वर आपण ज्यांची उदाहरणं देतोय तेच हे चार देश. तिथे जे उभं राहिलं ते सरकारच्या उदारपणातून आलेलं नाही, लोकांनी ओढून घेतलेलं आहे.

---

अनुस्वार

एक मुद्दा राहतोय. बातम्या रोज द्यायच्या म्हटल्या की भाषेला रोज नवे शब्द लागतात. लोककथेला 'चलनवाढ' हा शब्द लागत नाही, बातमीला लागतो. आणि संध्याकाळचं बातमीपत्र थांबत नाही, शब्द दुपारपर्यंत हवा असतो.

माओरीत संगणकाला 'रोरोहिको' म्हणतात, विजेचा मेंदू. इनुक्टिटुटमध्ये इंटरनेटला 'इकिअक्किविक' म्हणतात. थरांमधून प्रवास करणं, असा त्याचा अर्थ. जुन्या काळी शामान, म्हणजे त्यांचे मांत्रिक, काळाच्या आणि जागेच्या थरांतून जाऊन बातमी आणायचे, त्यासाठीचा हा शब्द. या शब्दावर मी कितीतरी वेळ थांबले होते. नुसतं संग्रहालयात ठेवलं असतं तर ते शामानांच्या खणात एक जुना शब्द म्हणून पडून राहिलं असतं. वापरात आलं, आणि आज पोरं मोबाइल हातात धरून तेच म्हणतात.

उत्तरेतल्या सामी लोकांचंही सांगते. नॉर्वेत सामी भाषेतला रेडिओ १९४६ पासून आहे. पण सामी प्रदेश नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियात विभागलाय, आणि त्यातल्या पहिल्या तीन देशांची तीन वेगळी प्रसारणं. २००१ मध्ये नॉर्वे आणि स्वीडनच्या सार्वजनिक वाहिन्यांनी मिळून 'ओद्दासात' हे सामी बातमीपत्र सुरू केलं, पुढे फिनलंडही आलं. सीमा नकाशावर राहिल्या आणि संध्याकाळच्या बातम्या एक झाल्या.

---

मुक्तछंद

तैवानचंही नोंदवून ठेवते. १ जुलै २००५ पासून तिथे मूळनिवासींची स्वतंत्र वाहिनी आहे. अडचण अशी की तिथे सरकारमान्य समाजच सोळा, प्रत्येकाची भाषा वेगळी, काहींचे बोलणारे अगदी मोजके. एका वाहिनीने सोळा भाषांना वेळ कसा वाटायचा? मोठ्या समाजाला जास्त द्यावा की ज्याची भाषा आज-उद्या जाईल त्याला? मला याचं उत्तर सापडत नाही. कुणाला सापडतंय?

---

हिशेबनीस

मी पैसे वाटणारा असतो तर संकटात असलेल्याला आधी. पण मग मोठ्या समाजाची मुलंही हळूहळू दुसऱ्या भाषेकडे जातात आणि दहा वर्षांनी ती भाषाही संकटात येते. मलाही उत्तर नाही.

---

कोरीपाटी

लहान मुलांसाठी कुणी काय करतंय का? माझा सगळा जीव तिथेच अडकलाय. म्हाताऱ्यांच्या फिती कितीही जपल्या तरी पाच वर्षांच्या पोराला ती भाषा खेळायला मिळाली नाही तर काय उपयोग?

---

सांजवात

आहे ना! इनुइट ब्रॉडकास्टिंगचा 'ताकुगिनाई' हा कार्यक्रम, १९८० च्या दशकात सुरू झालेला. नावाचा अर्थ 'इकडे बघा'. बाहुल्या असतात, गाणी असतात, आणि जाणती माणसं येऊन मुलांशी बोलतात. फिनलंडच्या सार्वजनिक प्रसारणानेही २००७ पासून 'उन्ना युन्ना' हा सामी मुलांचा कार्यक्रम चालवलाय, तिथल्या तिन्ही सामी भाषांत. यातली इनारी सामी तर काहीशे माणसांचीच भाषा. काहीशे माणसांच्या भाषेत बाहुली बोलते, आणि ते पाहणाऱ्या पोराला वाटतं की टीव्हीवर असंच बोलतात. हे 'असंच बोलतात' वाटणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि २०२१ च्या जानेवारीत इसुमाच्याच मंडळींनी 'उवागुत' ही पूर्ण इनुक्टिटुट वाहिनी सुरू केली. ज्या गावाने दोनदा नको म्हटलं, तिथून हा प्रवास निघालाय.

ध्वनिफीत, एक विचारायचं राहून गेलं. त्या बाईंचं नाव कळलं का हो पुढे?

---

ध्वनिफीत

अजून नाही, ताई. पण एक धागा आहे. फितीच्या दुसऱ्या बाजूला, गाणं संपल्यावर, अभ्यासक यंत्र बंद करायला विसरलाय. सतरा-अठरा सेकंद नुसती खोलीच ऐकू येते, आणि मग लांबून एक लहान मूल त्या बाईंना हाक मारतं. दोन अक्षरी शब्द आहे. नाव असेल किंवा 'आजी' असेल, मला ती भाषा येत नाही. त्या भाषेतले एक जाणते गृहस्थ पुढच्या महिन्यात ऐकायला येणार आहेत. तो तुकडा वेगळा काढून ठेवलाय. त्यांनी तो शब्द ओळखला, की मी आधी लेबल बदलणार, आणि ती फाइल कुणी ऐकायची हे त्यांनाच विचारणार.